उपदेश किती मिनिटांचा असावा? (चर्चमधलं घड्याळ बंद आहे म्हणून विचारतोय)

मागचा बाक

जय ख्रिस्त मंडळी, आणि इतरांना नमस्कार.

आमचं चर्च मध्य मुंबईत. मराठी, प्रॉटेस्टंट, उपासना रविवारी साडेनऊला. मुख्य दाराच्या वर आतल्या बाजूने एक गोल घड्याळ आहे, व्यासपीठावर उभ्या माणसाला नाकासमोर दिसेल असं. जुलैच्या पावसात ते सात वाजून दहा मिनिटांवर थांबलं, आणि तेव्हापासून पंचवीस मिनिटांचा उपदेश पंचेचाळीसवर गेला. योगायोग असेल. गेल्या रविवारी मी मोबाईलवर वेळ लावून पाहिली (उपदेश चालू असताना, कबूल आहे): ५२ मिनिटं.

गंमत म्हणजे उपदेश वाईट नव्हता. उधळ्या पुत्राचा दाखला (बायबलमधली गोष्ट: धाकटा मुलगा वाटणी उधळून परत येतो, बाप मेजवानी देतो), पण बोलणं थोरल्या भावावर. तो शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो, आत न जाता नोकराला विचारतो काय चाललंय. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, म्हणाले, "घरचा मुलगा, आणि घरातली बातमी नोकराकडून घेतो." काय वाक्य आहे! माझं आणि माझ्या भावाचं तीन वर्षं बोलणं नाही, मी तिथेच गार झालो. हे बाराव्या मिनिटाला. तिथे "आमेन" म्हणून खाली बसले असते तर मी ते वाक्य तसंच घरी घेऊन गेलो असतो. पुढच्या चाळीस मिनिटांत मोबाईलचं व्यसन, हल्लीची लग्नं, दशांश (कमाईचा दहावा भाग चर्चला), पुन्हा मोबाईल. "एवढं सांगून संपवतो" तीनदा. शेजारच्या आजी उशी घेऊनच येतात, त्यांनी ती पाठीमागून काढून खाली घेतली, परत पाठीमागे लावली. पुढच्या बाकावरचा पाचेक वर्षांचा मुलगा बाकाखाली शिरला आणि सगळ्यांच्या चपला जोडीजोडीने लावून बाहेर आला. त्या वेळात काहीतरी पूर्ण केलेला तो एकटाच.

माझं मत: वीस मिनिटं. त्यापुढे फक्त नाताळ आणि उत्तम शुक्रवार. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय २० आठवा. प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. खुद्द पौलाची ही गत.

बदलापूर फास्ट

अध्याय पुढे वाचला नाहीत वाटतं. युतुख जिवंत सापडल्यावर पौल वर गेला, भाकर मोडली आणि उजाडेपर्यंत बोलत बसला. कोणी उठून गेल्याचं लिहिलेलं नाही.

मी बदलापूरहून येतो. सकाळी सातला घर सोडतो, मुलांना उठवून, आंघोळी घालून. दोन तास जायला, दोन तास यायला. एवढं करून वीस मिनिटं वचन ऐकायचं? त्यापेक्षा घरी बसून यूट्यूब लावेन. मला पाऊण तास हवा आहे, आणि माझ्यासारखे बरेच आहेत. ते धागे काढत नाहीत इतकंच.

मागचा बाक

युतुखाचं मान्य, एक गुण तुम्हाला. पण तुमचे परतीचे दोन तास मी पण मोजतोय. उपासना बाराला सुटली की लोकलचा मेगाब्लॉक.

माउंटच्या पायथ्याशी

वांद्र्याची कॅथलिक आहे, बाहेरून बोलते. आमच्याकडे हा प्रश्न पार्किंगने सोडवलाय. आठची मिस्सा (आमची उपासना) संपायच्या आधीच पुढच्या मिस्साचे लोक गेटवर उभे असतात. फादर लांबले की बाहेर हॉर्न. दहा मिनिटं, फार तर बारा.

थट्टा सोडा. पोप फ्रान्सिस यांनी १२ जून २०२४ च्या बुधवारच्या सभेत सरळ सांगितलं होतं की प्रवचन आठ मिनिटांपुढे जाऊ नये, कारण त्यानंतर लक्ष उडतं आणि लोक झोपतात. एक प्रतिमा, एक विचार, एक भावना, बस्स. मागचा बाक, तुमचा तो नोकराला विचारणारा भाऊ म्हणजे नेमकं हेच.

बदलापूर फास्ट

ताई, तुमचं गणित वेगळं आहे. तुमच्या मिस्साचा गाभा वेदीवर. प्रवचन झालं न झालं, ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, मिळणारच. आमच्याकडे तो भाकरीचा विधी, प्रभूभोजन, बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा. उरलेल्या रविवारी वचन हेच जेवण. ते आठ मिनिटांत वाढलं तर पंगत उपाशी उठेल.

माउंटच्या पायथ्याशी

"झालं न झालं" नाही हो. रविवारचं प्रवचन गंभीर कारणाशिवाय गाळायचं नाही, असं आमच्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच ठरवलंय. बाकी मुद्दा बरोबर आहे. पण पंगतीत वाढणारा कुठे थांबतो तेही बघायला लागतं.

आकड्यांचा माणूस

प्यू रिसर्च सेंटरने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या हजारो चर्चचे इंटरनेटवरचे उपदेश तपासले होते. मधला आकडा ३७ मिनिटं. कॅथलिक १४, मुख्य प्रवाहातले प्रॉटेस्टंट २५, इव्हँजेलिकल ३९, कृष्णवर्णीयांची परंपरागत चर्चेस ५४. म्हणजे ५२ मिनिटं ही जगावेगळी गोष्ट नाही. तिथे मेगाब्लॉक नसतो हे मान्य.

टाळकरी

मी ख्रिस्ती नाही, पण राहवलं नाही. आमच्या गावी सप्ताहात रात्री नऊ ते अकरा कीर्तन, लोक मांडी घालून बसतात, पाठीला टेकूसुद्धा नाही. तेव्हा मराठी माणसाला लांब ऐकवत नाही हे खोटं. पण बुवा दोन तास नुसते बोलत नाहीत. अभंग एकच, तोच फिरवून फिरवून उलगडतात. मध्येच चाल लावतात, पखवाज उठतो, डुलकी लागलेल्याला विठ्ठल विठ्ठल म्हणायला लावतात. तुमच्या रेव्हरंड टिळकांना, त्या ख्रिस्ती कवींना, हे कळलं होतं ना?

मागचा बाक

हो. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली इथेच मुंबईत झाला, आणि त्यांनी अभंग, कीर्तन सगळं बरोबर आणलं. त्यांची गीतं आम्ही अजून गातो. पण कीर्तनातला टाळ गेला, दोन तास तेवढे राहिले.

साधा सेवक

मी स्वतः उपदेश करतो. उपनगरातली छोटी मंडळी. नाव विचारू नका.

उपदेश का लांबतो ते सांगतो. पूर्वी मंडळी चर्चच्या आसपास राहायची. भायखळा, माझगाव, गिरगाव. पाळक संध्याकाळी निघाला की दोन चाळींत दहा घरं व्हायची. कोणाचा नवरा पितो, कोणाची नोकरी गेली, हे चहाच्या कपावर कळायचं, आणि त्या घरापुरतं वचन तिथेच सांगितलं जायचं. आता तीच कुटुंबं विरार, बदलापूर, पनवेलला. एका भेटीला अख्खा दिवस. ते सगळं मी रविवारी व्यासपीठावरून सांगतो. मोबाईलबद्दल बोललो तर ते एका विशिष्ट घरासाठी असतं, ज्यांनी मला फोनवर रडून सांगितलेलं असतं. बाकीच्यांना ते विषयांतर वाटतं.

दुसरं. दारात हात मिळवताना आजवर एकाही माणसाने मला "लांबलं" म्हटलेलं नाही. सगळे म्हणतात, "आशीर्वादित झालो." मागचा बाक, खरं सांगा, त्या रविवारी तुम्ही काय म्हणालात?

मागचा बाक

"आशीर्वादित झालो, साहेब."

आजीची उशी

😂😂 सापडले.

बदलापूर फास्ट

सेवक साहेब, हेच मला मांडता येत नव्हतं. आमच्या घरी पाळक शेवटचे आले ते वडील वारले तेव्हा, २०१७ साली. म्हणून मला रविवारचा पाऊण तास लागतो.

मागचा बाक

सेवक साहेब, चाळींचं वाचून थांबलो. माझी आई माझगावच्या चाळीतलीच. पण मग त्या एका घरासाठीचं बोलणं त्या घराला फोनवर द्या ना. शंभर माणसं चाळीस मिनिटं दुसऱ्याचं औषध घेत बसली आहेत. आणि येशूचं डोंगरावरचं प्रवचन, बायबलमधलं मत्तय ५ ते ७, मोठ्याने वाचून पाहिलं काल रात्री. पंधरा मिनिटं लागतात.

साधा सेवक

ते लिहून ठेवलेलं तेवढं. बायबलमध्येच मार्क, अध्याय ६ मध्ये प्रभू येशू इतका वेळ शिकवत होता की दिवस उतरला आणि शिष्य सांगायला आले, लोकांना जाऊ द्या, खायला काही नाही.

माउंटच्या पायथ्याशी

म्हणजे शिष्यांनी वेळेची आठवण केली! शिवाय पाच हजारांच्या जेवणाची सोय झाली. तुमच्याकडे होते का?

साधा सेवक

आमच्याकडे पार्ले-जी आणि चहा. पण फोनचं सुचवलंत ते करून पाहतो. या रविवारी मोबाईल बाजूला, एकच मुद्दा, पंचवीस मिनिटं. माझ्या मंडळीने तक्रार केली तर तुमच्याकडे पाठवीन.

आजीची उशी

मूळ प्रश्न राहिला. घड्याळात सेल कोण टाकणार?

मागचा बाक

सेल कालच आणला, खिशात आहे. घड्याळ बारा फुटांवर, शिडी मागच्या खोलीत. किल्ली पाळकसाहेबांकडे असते.