विषय: कपाटामागची बुरशी

नमस्कार मंडळी,

झोपायच्या खोलीत बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट आहे. कपड्यांना कुबट वास यायला लागला म्हणून ते सरकवलं, तर मागे खालच्या कोपऱ्यात काळे ठिपके. पुसले की जातात आणि थोड्याच दिवसांत परत येतात. धाकटीला दमा आहे, म्हणून जास्त काळजी वाटते. घरमालक वरून रंग मारून देतो म्हणतात. बाहेर थंडी आणि सारखा पाऊस, त्यामुळे खिडक्या घट्ट बंद ठेवल्या आहेत. आणखी काय करता येईल?

*

ताई,

रंग एवढ्यात मारू देऊ नका. खाली बुरशी जिवंत राहिली तर नव्या रंगालाही पोपडे येतील.

आणि खिडक्या उघडा, पाऊस असला तरी. ० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जेमतेम ५ ग्रॅम बाष्प मावतं, २० अंशांना १७ ग्रॅमच्या वर. त्यामुळे बाहेरची गार हवा कितीही ओलसर वाटली, तरी आत येऊन तापली की ती कोरडीच ठरते. ओल येते ती आपल्या श्वासातून, अंघोळीतून, स्वयंपाकातून, आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते घरात वाळत घातलेल्या कपड्यांकडे. मशीनच्या एका खेपेतून दोनेक लिटर पाणी हवेत जाऊ शकतं. हे पाणी सगळ्यांत गार जागा शोधतं. खोली २० अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर भिंत १२ अंशांपर्यंत उतरली की तिच्यावर दव धरतं. कपाटामागे ऊब पोचतच नाही, म्हणून तुमचा तो कोपरा. बुरशीला तर थेंबही लागत नाहीत, भिंतीलगतची हवा बराच काळ ८० टक्क्यांच्या आसपास दमट राहिली तरी पुरतं.

सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. दिवसभर फट ठेवून नुसती भिंत गार होते. कपाट निदान चार बोटं पुढे ओढा, जमलं तर आतल्या भिंतीला हलवा. एक आर्द्रतामापक घ्या आणि काटा ५० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा.

*

दादा, खूप आभार. आजच कपाट ओढते. डाग ब्लीचने पुसू का? आणि ती खोली रिकामी असते तेव्हा हीटर बंद करून दार उघडं ठेवलं तर चालेल ना?

*

मी मध्येच लिहिते, कारण ब्लीचचा प्रश्न जपून हाताळायला हवा. ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या कुठल्याही क्लीनरमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. साबणाचं पाणी घ्या, पुसून भिंत पूर्ण कोरडी करा. हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. कोरडे डाग ब्रशने खरवडू नका, बुरशीचे बीजाणू (बीसारखे सूक्ष्म कण) खोलीभर उडतात. आणि हे काम धाकटी घरात नसताना करा.

हीटर पूर्ण बंद नको, मंद चालू असू द्या. गार खोलीचं दार उघडं ठेवलं, तर बाकी घरातली उबदार, दमट हवा तिथेच जाऊन भिंतीवर पाणी सोडते. बाथरूमचा पंखा अंघोळीनंतर वीस-तीस मिनिटं चालू ठेवा, आणि तो हवा खरंच बाहेर टाकतो का तेही बघा.

एवढं करूनही तोच कोपरा ओला राहिला, तर घरमालकांना लेखी कळवा, फोटोसकट. पाइप गळत असेल किंवा बाहेरून पाणी मुरत असेल, तर ते त्यांनीच शोधायला हवं.