भाकड म्हैस हाडं चघळते: क्षार मिश्रण द्यावं की शिंपल्यांची पूड?

सडा_लांजा
नमस्कार मंडळी. लांजा तालुक्यात सड्याला, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराला, लागून गोठा आहे. दोन म्हशी, एक जर्सी संकरित गाय. एक म्हैस दुभती, दोन वेळचं मिळून पाच लिटर. दुसरी गाभण, आठवा महिना चालू, आटवली आहे. वैरण म्हणजे सड्यावरचं वाळलेलं गवत आणि भाताचा पेंढा. दुभत्यांना रोज दोन किलो कोंड्याचं आंबोण. भाकडीला नुसतं गवत.

भाकड म्हैस दावं चघळते, वळणीवरचे कपडे ओढते, चरायला सोडली की हाड तोंडात धरून उभी राहते. जंताचं औषध महिन्यापूर्वी झालं आहे. कोणी म्हणतं कॅल्शियम कमी पडलं, तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घाला. कोणी क्षार मिश्रण (खनिजांची तयार पूड) सांगतं, कोणी अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती). नेमकं काय आणि किती?

खाडीपलीकडे
तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. हाडं चघळते ती भाकड, दुभती नाही. फरक आहे तो दोन किलो कोंड्याचा.

हाडं चघळणं हे बहुतेक वेळा फॉस्फरस कमी पडल्याचं लक्षण असतं. जांभ्याची माती आम्ल, त्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. ते फॉस्फरस धरून ठेवतात, गवताच्या मुळांना मिळू देत नाहीत. त्यात दरवर्षी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, म्हणजे कॅल्शियमही धुऊन जातं. सड्यावरच्या वाळक्या गवतात फॉस्फरस 0.1 टक्क्याच्या आसपास धरा. भाकड म्हैस दिवसाला नऊ किलो गवत खाते, म्हणजे नऊ ग्रॅम. गाभण जनावराला लागतो साधारण 20 ग्रॅम. उरलेला ती स्वतःच्या हाडांतून काढते आणि बाहेर हाडं शोधते. चांगल्या कोंड्यात फॉस्फरस 1.3 टक्क्यांच्या जवळपास असतो, म्हणून दुभतीचं भागतंय.

शिंपल्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कॅल्शियम 38 टक्के, फॉस्फरस जवळजवळ शून्य. भाकडीला त्या घालून काहीच साधणार नाही. उलट विण्याआधीच्या तीन आठवड्यांत जास्त कॅल्शियम दिलं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढायची सवय सोडतं आणि व्याल्यावर जनावर बसतं. त्या काळात कॅल्शियमच्या बाटल्याही पाजू नका. दुभतीचं गणित वेगळं. कोंड्यात फॉस्फरस भरपूर पण कॅल्शियम नगण्य, आणि पेंढ्यातलं कॅल्शियम त्यातल्या ऑक्झलेटमुळे नीट लागू पडत नाही. तिला शिंपल्यांची बारीक पूड 25-30 ग्रॅम चालेल. कुटायला सोपं जावं म्हणून शिंपल्या हलक्या भाजा, पण भट्टीत जाळू नका. त्याचा चुना होतो आणि तोंड पोळतं.

भाकडीला आजपासून एक किलो कोंडा, 50 ग्रॅम क्षार मिश्रण, 30 ग्रॅम मीठ. क्षार मिश्रणाची पिशवी उलटून वाचा. कॅल्शियम 20 टक्के आणि फॉस्फरस 12 टक्के लिहिलेलं असेल तर घ्या. फॉस्फरसचा आकडाच नसेल किंवा चार-पाच टक्के असेल, तर तुम्ही रंगवलेल्या चुनखडीचे पैसे देताय. 12 टक्केवाल्याचे 50 ग्रॅम म्हणजे सहा ग्रॅम फॉस्फरस, उरलेला कोंड्यातून. रोज आंबोणात कालवूनच द्या. आठवड्यातून एकदा मूठभर टाकल्याचा उपयोग नाही.

आणि हाडं आधी तोंडातून काढा. मेलेल्या जनावराच्या हाडावर बोट्युलिझमचं विष असू शकतं. पाय, जबडा आणि जीभ लुळी पडत जाते, आणि त्यावर आपल्याकडे हातात काही उपाय राहत नाही. फॉस्फरस भरून यायला काही आठवडे लागतील, तोवर बांधून चारा.

आता प्रथिनं, कारण गवतावरच्या जनावराला नुसते क्षार देऊन भागत नाही. एकूण खाद्यात प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली गेली की पोटातले गवत पचवणारे सूक्ष्म जंतू उपाशी राहतात, गवत पचत नाही आणि जनावर खातंही कमी. पेंढ्यात प्रथिनं साडेतीन टक्के, दिवाळीनंतर कापलेल्या दाणे गळलेल्या गवतात त्याहून कमी. दुभत्या म्हशीला शरीर टिकवायला साधारण 400 ग्रॅम, दर लिटर दुधामागे शंभर. पाच लिटरला 900 ग्रॅम. आठ किलो वैरणीतून 280, दोन किलो कोंड्यातून 260. साडेतीनशे ग्रॅमची तूट, आणि ती दीड किलो सरकी पेंडीने भरते.

पेंड परवडत नसेल तर कुंपणाचा गिरिपुष्प, ज्याला आपण उंदीरमारी म्हणतो. पाच किलो ओल्या पाल्यात सव्वा किलो सुका भाग आणि त्यात पावणेतीनशे ग्रॅम प्रथिनं. वासामुळे पहिल्यांदा तोंड लावत नाहीत. सकाळी तोडून संध्याकाळी, कोमेजल्यावर, गवतात मिसळून द्या. एक किलोपासून सुरुवात आणि दोन आठवड्यांत पाचवर.

अझोल्याबद्दल थोडक्यात: दोन किलो अझोल्यात पाणी वजा जाता 120 ग्रॅमच्या आसपास सुका भाग उरतो. त्यात प्रथिनं 30 ग्रॅम, म्हणजे पाव ते एक तृतीयांश लिटर दुधापुरती. कोंबड्यांना घाला, म्हशीसाठी टाकी बांधू नका.

हलर_आणि_शेलर
वरचं गणित कोंडा चांगला असेल तरच जुळेल. गावातल्या जुन्या हलर गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच पडतो. त्यात प्रथिनं सहा-सात टक्क्यांवर येतात, फॉस्फरसही निम्म्यावर, आणि बाकी भर तुसाची, म्हणजे न पचणारा चोथा आणि सिलिका. शेलर असलेल्या गिरणीत तूस वेगळं निघतं, तिथला कोंडा तेरा टक्क्यांचा. मूठभर कोंडा पाण्याच्या तांब्यात टाका, ढवळा, पाच मिनिटं ठेवा. वर तरंगणारा थर जाड असेल तर तुम्ही तूस विकत घेताय. हलरचाच कोंडा मिळत असेल तर भाकडीला एकाऐवजी दीड-दोन किलो द्या, किंवा अर्धा किलो पेंड जोडा.

दुसरं, कोंड्यात तेल 12 ते 15 टक्के. गिरणीतून आल्यावर आठवडाभरात खवट व्हायला लागतो, पावसात त्याहून लवकर. कडू वास आला की जनावर आंबोण अर्धवट सोडतं आणि त्यातलं क्षार मिश्रणही वाया जातं. पावसाळ्यात आठ दिवसांपुरताच आणा.

पेंडीचंही तसंच. शेंगदाणा पेंडीला 40 टक्क्यांच्या वर प्रथिनं आहेत, पण आपल्या दमट हवेत तिला बुरशी लगेच धरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते दुधात उतरतं. बुरशीची पेंड उन्हात वाळवून किंवा उकळून चालत नाही, विष तसंच राहतं. अशी पेंड खतात टाका. जून ते सप्टेंबर सरकी किंवा ताजी खोबऱ्याची पेंड बरी, पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर लांब. खोबऱ्याच्या पेंडीत प्रथिनं वीस-बावीस टक्केच, हे हिशेबात धरा.

सडा_लांजा
तांब्याची चाचणी करून बघतो, कोंडा हलरचाच आहे. अजून दोन गोष्टी. हीच म्हैस गेल्या वेताला व्याल्यावर अडीच-तीन आठवड्यांनी लाल मुतायला लागली होती, गोचीडताप म्हणून औषध झालं होतं. याचा फॉस्फरसशी संबंध आहे का? आणि पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया आपल्या हवेत जमते का?

खाडीपलीकडे
संबंध असू शकतो. व्याल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत, चांगल्या दुधाच्या म्हशीला, ताप नसताना कॉफीच्या रंगाची लघवी, घट्ट शेण, डोळ्याच्या आतली त्वचा फिकी: हे फॉस्फरस घसरून रक्तपेशी फुटल्याचं चित्र. गोचीडतापात सुरुवातीला 104 फॅरनहाइटच्या पुढे ताप असतो आणि रक्ताच्या काचपट्टीत जंतू दिसतात. म्हणून पहिल्याच दिवशी थर्मामीटर लावा आणि औषधाआधी रक्ताचा नमुना घ्यायला सांगा. फॉस्फरसच्या त्रासात डॉक्टर सोडियम ॲसिड फॉस्फेट शिरेतून देतात. कॅल्शियमची बाटली लावून ही लघवी थांबत नाही. लाल लघवी लेप्टोमध्येही (लेप्टोस्पायरोसिस, माणसालाही होणारा जिवाणूंचा आजार) होते, त्यामुळे हातमोजे घातल्याशिवाय ती साफ करू नका, हातापायावर जखम असेल तर मुळीच नाही.

आणि कोंडा व क्षार मिश्रण व्याल्यावर बंद करू नका. खरी गरज त्यानंतरचे दोन महिने.

पेंढा_मुरवा
युरियाचं मी सांगतो. जमतं, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, पावसाळ्यात नको. 100 किलो सुका पेंढा, चार किलो युरिया, 50 लिटर पाणी. युरिया पूर्ण विरघळवा. प्लास्टिकवर पेंढ्याचा वीतभर थर, झारीने पाणी सगळीकडे सारखं, पायाने तुडवा, पुढचा थर. शेवटी वरून प्लास्टिक आणि कडा मातीने बंद. 21 दिवस उघडायचं नाही. प्रथिनं साडेतीनवरून सात-आठ टक्क्यांवर येतात आणि पेंढा मऊ होतो.

बिघडतं ते बहुतेक कडेला. नीट तुडवलं नाही किंवा उंदराने प्लास्टिक कुरतडलं की हवा शिरते, अमोनिया उडतो आणि बुरशी येते. चांगल्या पेंढ्याचा रंग पिवळट तपकिरी, वास नाकात झोंबणारा. काळा, चिकट भाग काढून टाका. रोज लागेल तेवढाच काढा, तासभर पसरून ठेवा, मग घाला. दोन किलोपासून आठवड्याभरात वाढवा. सहा महिन्यांच्या आतल्या रेडकू-वासरांना अजिबात नाही.

युरियाच्या पाण्याचं पिंप जनावरांच्या वाटेत ठेवू नका. एखादं प्यायलं तर थरथरतं, तोंडाला फेस येतो, पोट फुगतं. डॉक्टरांना फोन लावा आणि ते येईपर्यंत, जनावर शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तरच, दोन ते चार लिटर व्हिनेगर भरपूर थंड पाण्यातून हळूहळू पाजा.

यातून फक्त नायट्रोजन मिळतो, फॉस्फरस नाही. त्यामुळे भाकडीचा कोंडा आणि क्षार मिश्रण मुरवलेल्या पेंढ्यावरही चालूच ठेवावं लागेल.