रस्त्याचा गाळ म्हणजे 'नुसती माती' नव्हे

पर्वरीकरीण:
काल इथे एकाने लिहिले, "रस्ता करताना थोडी माती वाहणारच. गोव्याच्या पाण्याला खरा धोका सेप्टिक टँकचा आहे, रस्त्याच्या कामांचा बाऊ पुरे." ते वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मेमध्ये आमच्या दारासमोर गटारासाठी चर खणला. मातीचा ढीग कडेलाच, वर साधी ताडपत्रीसुद्धा नाही. पहिला जोराचा पाऊस आला आणि तासाभरात ढीग अर्ध्यावर. दुसऱ्या दिवशी नळाला बांधलेले पांढरे फडके सोडले तर तांबडे झालेले. चिमटीत धरले तर गाळ साबणासारखा गुळगुळीत लागला. विहिरीचे पाणी दुधाच्या चहासारखे. तुरटी फिरवून कळशी ठेवली, सकाळी तळाशी बोटभर थर. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्याच विहिरीचे पाणी पितात. त्या दिवशी त्यांनी ते तुळशीलासुद्धा घातले नाही.

गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांच्या आडोशाला राहतात आणि क्लोरीन त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून तर पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा 1 एनटीयूच्या (हे गढूळपणाचे माप) आत हवा, दुसरी सोयच नसेल तर फार तर 5, असे भारतीय मानक सांगते. आमच्या कळशीत किती असेल?

साइटवरचा:
कालचे ते मीच लिहिले होते. वीस वर्षे रस्त्यांवर काढली आहेत, ऐकीव बोलत नाही. लोक डांबराच्या नावाने घाबरतात. आपण अजून 'डांबर' म्हणतो, पण रस्त्यावर पडते ते पेट्रोलियमचे बिटुमेन. कोळशाचे डांबर वेगळे, त्यातले विषारी घटक कितीतरी जास्त. बिटुमेन थंड झाले की पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आणि माती चार दिवसांत बसते. उलट जांभा दगड सच्छिद्र, शोषखड्ड्यातले पाणी त्यातून सरळ विहिरीत जाते. बाय, तुमचा शोषखड्डा विहिरीपासून किती पावलांवर आहे ते आधी मोजा.

मळ्यातला:
थंड झाल्यावर विरघळत नाही, कबूल. पण थर टाकण्याआधी जे इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेले बिटुमेन, फवारता, ते पक्के होण्याआधी पाऊस आला तर कुठे जाते? आमच्या गल्लीत ते चॉकलेटी पाणी गटारात जाताना मी उभे राहून पाहिले. आणि सिमेंटचा मिक्सर धुतलेले पाणी? त्याचा पीएच 12 च्या आसपास असतो, पिण्याच्या पाण्याची मर्यादा 6.5 ते 8.5. पणजीच्या गटारांचे पाणी एक तर सांतिनेज खाडीत जाते नाही तर थेट मांडवीत. भरतीच्या वेळी पाऊस लागला की गाळाने भरलेली तीच गटारे उलटतात आणि पणजीतल्याच मळा भागात आमच्या पायरीला पाणी लागते. 2023 मध्ये खणलेल्या रस्त्यांत ट्रक रुतत होते, 2024 मध्ये धुळीच्या त्रासामुळे लोकांना उच्च न्यायालयात जावे लागले. ती धूळ पावसात कुठे गेली, हे कोणी विचारले?

बार्देशकर:
मुळात हे रस्ते कुणासाठी? डोंगर कापून व्हिला बांधतात, दिल्लीचा मालक वर्षातून दहा दिवस येतो, बाकी दिवस त्याचा स्विमिंग पूल टँकरने भरतात. टँकर आमच्याच गावच्या विहिरींतून. रस्ता रुंद होतो तो त्या टँकरांसाठी.

डिचोलीचा मास्तर:
दिल्लीवाल्याला जमीन विकली कोणी? सह्या आपल्याच माणसांच्या. आमच्याकडे खाणीचा तांबडा गाळ शेतात यायचा, भाताची रोपे त्याखाली गेलेली मी लहानपणी पाहिली. तेव्हाही आम्हाला हेच ऐकवायचे, "नुसती माती आहे." पर्वरीत तीच माती दिसली तेव्हा तुम्हाला जाग आली.

बार्देशकर:
खाणीवरचे टिपर तरी कुणाचे होते, मास्तर? तुमच्याच गावचे. 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा सुरू करा म्हणून रस्त्यावर तुम्हीच उतरला होता.

डिचोलीचा मास्तर:
हप्ते डोक्यावर होते म्हणून उतरले लोक. माझ्या भावाचा टिपर बँकेने ओढून नेला. ज्याच्या घरी चूल थंड पडली नाही, त्याने आम्हाला शिकवू नये.

पर्वरीकरीण:
तुमचे दुःख खरे आहे मास्तर, पण खाणीचे भांडण वेगळ्या धाग्यावर करूया. साइटवरचे दादा, तुमच्या सांगण्यावरून शोषखड्डा मोजला. अठरा पावले, उताराच्या खालच्या बाजूला. आणि मुख्य गोष्ट अशी की जेसीबीच्या दाताने आमची नळाची लाइन फुटली होती. आमच्याकडे पाणी दिवसातून दोन तास. बाकी वेळ पाइप रिकामा, आत पोकळी, आणि फुटलेल्या जोडातून चरातले पाणी आत ओढले जाते. त्याच चरात शेजारच्या टाकीचे सांडपाणी झिरपत होते. म्हणजे तुमचा सेप्टिक टँक आणि माझी माती एकाच चरात भेटले, आणि तो चर रस्त्याच्या कामाचा.

साइटवरचा:
लाइन फुटली हे काल कळले असते तर तसे लिहिले नसते. पाणी बंद असताना लाइन आत ओढते हे खरे, आम्हालाही ठाऊक असते. तरी सगळे खापर ठेकेदारावर नको. खणण्याआधी पाइप कुठून जातो याचा नकाशा मागितला, तर कुणाकडेच नसतो. एक मात्र मानतो, ढिगावर ताडपत्री आणि चराच्या तोंडाशी गाळाचा खड्डा, हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते होत नाही कारण पावसाआधीची मुदत म्हणून सगळे 31 मे धरून चालतात. 2025 ला पाऊस 25 मेलाच गोव्यात पोचला.

मळ्यातला:
एवढे कबूल करायला एक अख्खा दिवस लागला.

साइटवरचा:
साइटवर उभे राहून बघा एकदा, मग बोला. बाय, जोड दुरुस्त झाला तरी पहिली पंधरा मिनिटे नळ वाहू द्या. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाका आणि पाण्याची जंतूंची तपासणी करून घ्या. बाटली निर्जंतुक घ्या, घरची नको.

पर्वरीकरीण:
उद्या घेऊन जाते. जूनमधल्या सांजांवच्या सणाला नेहमीप्रमाणे वाड्यावरची पोरे उडी मारायला आमच्या विहिरीवर येतील. अहवाल येईपर्यंत त्यांना काठावरच थांबवणार आहे.