सैल म्हणजे शालीन नव्हे

ऑफिससाठी अंगभर पण तंबू न वाटणारे कपडे विचारलेत, म्हणून लिहिते. मी वर्षानुवर्षं दोन साइझ मोठा कुर्ता घ्यायचे. कुर्त्याचे खांदे ओघळायचे, मी आणखीच जाड दिसायचे. आता छातीच्या मापाचा घेऊन कंबरेत टेलरकडून आत घेते. शिवून घेणार असाल तर प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या शिवणी) सांगा, छातीवर कापड ताणलं जात नाही. क्रेपचं कापड अंगावर छान पडतं. ऑर्गेंझाचं कडक कापड फुगतं, नकोच. बाजूची चीर फार खाली सुरू झाली की कुर्ता नितंबांवर अडकतो. ठाण्यात राम मारुती रोडला कुर्ता घ्यायला गेलात तर ट्रायल रूममध्ये बसून बघा, नुसतं आरशासमोर उभं राहू नका. आणि ठाण्याहून लोकलनं जाणार असाल तर ओढणीला पिन हवीच!