दारू ‘सोडली’ की ‘सुटली’?

पोवईनाका

एका निमंत्रणपत्रिकेवरून अडलोय. इथे साताऱ्यात एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांशी बोलायला एक गृहस्थ येणार आहेत. रिक्षा चालवतात. एकेकाळी सकाळी तोंड धुवायच्या आधी प्यायचे, आता १४ वर्षं थेंब नाही. मजकूर लिहायचं काम माझ्याकडे. मी लिहिलं, ‘व्यसनमुक्त झालेले श्री. अमुक’ आणि फोनवर वाचून दाखवलं. म्हणाले, “मुक्त तेवढं काढा. मुक्त झालो असं दोनदा वाटलं होतं, दोन्ही वेळा त्याच आठवड्यात परत बसलो.”

मग ‘दारू सोडलेले’ असं केलं. तेही नको. “सोडली तर शंभर वेळा असेल, सर. सुटली एकदाच.”

तेव्हापासून हे दोन शब्द डोक्यात बसलेत. पिणाऱ्यासाठी आपल्याकडे दारुडा, बेवडा, पिदाडा, तळीराम, मद्यपी, टल्ली अशी रांग आहे. थांबलेल्यासाठी एक तरी धड शब्द आहे का?

धातुपाठ

तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे, तशीच सोडणे-सुटणे ही जोडी. ‘सोडणे’ला कर्ता लागतो, ‘सुटणे’ला लागत नाही. ‘नोकरी सोडली’ म्हणणारा ताठ असतो, ‘नोकरी सुटली’ म्हणणाऱ्याकडे आपण वेगळ्या नजरेने बघतो. घाम सुटतो, वारा सुटतो, शाळा सुटते, तिथे कुणाच्या निर्धाराचा प्रश्नच नसतो. म्हणून तुमच्या पाहुण्यांचं वाक्य मला विलक्षण वाटलं. एरवी माणूस यशाच्या वेळी स्वतःला कर्ता करतो आणि अपयशाच्या वेळी कर्ता गाळतो. “मी कप फोडला” म्हणत नाही, “कप फुटला” म्हणतो. या गृहस्थांनी बरोबर उलटं केलं. फसलेल्या शंभर वेळा स्वतःच्या नावावर आणि जमलेली एक वेळ बिनकर्त्याची.

आता व्यसनाबद्दल. वि + अस्. हा अस् ‘असणे’वाला नाही, ‘फेकणे’ या अर्थाचा आहे. संस्कृतात व्यसन म्हणजे आधी संकट, आपत्ती. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांवर आहे. त्यात राजावरचं, कोशावरचं, सैन्यावरचं संकट हे सगळं व्यसनच. त्याची व्याख्या अशी: ‘व्यस्यत्येनं श्रेयस इति व्यसनम्’, माणसाला त्याच्या हितापासून दूर फेकतं ते व्यसन. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामातून येणारी दहा व्यसनं मोजली आहेत. त्यात शिकार, जुगार, मद्य आहेच, पण दिवसा झोपणं, नाच-गाणं-वाजवणं आणि उगाच भटकणंही आहे. म्हणजे दुपारी पंखा लावून आडवा होणारा मीही त्या यादीत.

गंमत म्हणजे ‘अभ्यास’ आणि ‘संन्यास’ याच धातूचे. उपसर्ग बदलला की फेकण्याची दिशा बदलते.

खारेदाणे

पत्रिकेत ‘माळकरी’ लिहून टाका! आमच्या गावाकडे ‘अमक्यानं माळ घातली’ म्हटलं की पुढे दारूबद्दल विचारावं लागत नाही.

एक शंका. नशा हा शब्द ‘नाश’वरून आला असं आमचे सर शिकवायचे. व्यसनमुक्तीच्या फलकांवरही असतं, ‘नशा म्हणजे नाश’.

धातुपाठ

फलकावर शोभतं, व्युत्पत्तीत नाही. नशा अरबी-फारसी वाटेने आलेला. कैफही अरबी. ‘अंमल चढला’मधला अंमलही अरबी, आणि अमली पदार्थ त्यातूनच. अंमलदार, अंमलबजावणी त्याचे सख्खे भाऊ. अंमल म्हणजे सत्ता, मग ती सरकारची असो की अफूची. १९८५ च्या कायद्याचं सरकारी नाव मात्र ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’. ते उच्चारतानाच गुंगी येते.

दारूही फारसी, आणि तिथे तिचा अर्थ औषध. आपल्या ‘दवादारू’त तो जुना अर्थ अजून जिवंत आहे.

पोवईनाका

माळकरी चालणार नाही, खारेदाणे. हे गृहस्थ दर रविवारी मटण खातात आणि ते व्यासपीठावरूनही सांगतात. पण मुद्दा खरा आहे. गावात माणसाला थांबायचं असेल तर लोकांना पटेल असं कारण लागतं. ‘डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हटलं की चार मित्र हसतात, “एकानं काय होतंय” म्हणतात. गळ्यात माळ दिसली की तोच मित्र ग्लास मागे घेतो.

वैनगंगा

आमच्याकडे या अर्थाचा सगळ्यात चालणारा शब्द ‘बंद’ आहे. “त्याची बंद आहे सध्या.” दारू हा शब्दच नाही वाक्यात. तसाच ‘तो पेते’ यात काय पेते ते विचारायचं नसते. पाणी पिणाऱ्याला कोणी ‘पेते’ म्हणत नाही जी! साहेबलोक मात्र पीत नाहीत, ‘घेतात’. आणि चौघं जमून घेतात तेव्हा ‘बसतात’. तुमचे पाहुणेही ‘परत बसलो’च म्हणाले ना.

‘बंद’ची अडचण अशी की त्याला ‘सध्या’ चिकटलेलं असते. श्रावणात बंद, नवरात्रात बंद, पोरीच्या लग्नापर्यंत बंद.

मी गडचिरोलीची. आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे ‘बंद’ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी येतात, जिल्ह्याची बंदी आणि घरातल्या माणसाची. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असं नाही. दारू दुकान हटवण्यासाठी बायकांनी केलेल्या मतदानात ‘उभी बाटली, आडवी बाटली’ अशी चिन्हं असतात. तिथून ‘बाटली आडवी केली’ हा वाक्प्रचार झाला. पण तो गावासाठी. एका माणसानं बाटली आडवी केली असं नाही म्हणत. उलट, त्याच्या बाबतीत आडवा झालेला तोच असतो.

खारेदाणे

आणि गर्दुल्ला? पेपरात रोज असतो.

पोवईनाका

फारसीत गर्द म्हणजे धूळ, भुकटी. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजे भुकटीतलं हेरॉइन, आली तेव्हा तिला गर्द म्हणू लागले आणि ओढणारा झाला गर्दुल्ला. पुण्यातलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं ते याच लाटेत. आता गर्द मागे पडली, पण वर्तमानपत्रं गोळ्या खाणाऱ्यालाही आणि खोकल्याचं औषध पिणाऱ्यालाही गर्दुल्लाच म्हणतात. तो ‘उल्ला’ ऐकताना मला टोळधाड आठवते. आपण कुणाच्या तरी मुलाबद्दल बोलतोय हे त्या प्रत्ययात बुडून जातं.

तळीरामचं तसं नाही. गडकऱ्यांच्या १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तलं ते पात्र. बुडाला तो सुधाकर, पण भाषेत टिकला तळीराम. सुधाकरसारखा माणूस प्रत्येक गल्लीत आहे, त्याला मात्र कुणी ‘सुधाकर’ म्हणत नाही. हसण्यावारी नेता येतं तेच नाव आपण उचलतो, असं माझं मत.

निनावी

सहसा लिहीत नाही, वाचतो. मी ‘एए’च्या, म्हणजे दारू थांबवलेल्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेच्या, मीटिंगला जातो, २१ वर्षं झाली. आमच्याकडे हा प्रश्न सोपा आहे. उभं राहायचं, फक्त पहिलं नाव सांगायचं आणि म्हणायचं, “मी अल्कोहोलिक.” ‘होतो’ नाही, ‘आहे’ हेही नाही. क्रियापदच नाही. नवीन माणूस विचारतो, २१ वर्षं प्यायला नाहीत तर अजून अल्कोहोलिक कसे? मधुमेहाच्या माणसाची साखर ताब्यात आली म्हणून तो मधुमेहमुक्त होतो का, असं आम्ही विचारतो.

बाकी शब्द इंग्रजीच राहिले. सोबर, स्लिप, शेअरिंग. ‘स्लिप झाली’ म्हणजे परत प्यायला. त्याला मराठीत ‘घसरला’ म्हणता येतं, पण घरचे ‘घसरला’ म्हणत नाहीत, ‘परत सुरू झालं’ म्हणतात. बर्थडे शेवटच्या प्याल्यापासून मोजतो. संस्थेचा वाढदिवसही तसाच. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन या टायरच्या कारखान्यांच्या गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. १० जून १९३५ हा त्या डॉक्टरच्या शेवटच्या दारूचा दिवस मानतात, तोच स्थापनादिन.

अल्कोहोलिझमला ‘मद्यपाश’ हा शब्द मला आवडतो. आजाराला आजाराचं नाव हवं, शिवीचं नको. ‘दारुडा’ मी स्वतःला मीटिंगमध्ये म्हणतो. बाहेरच्यानं म्हटलेलं अजून लागतं.

ओवी

‘लागतं’वरून. त्याला दारू लागली, असं आम्ही म्हणायचो. मराठीत भूक लागते, तहान लागते, वेड लागतं, भूत लागतं, आग लागते. सगळीकडे माणूस नुसता ‘ला’ लावून उभा, करणारा दुसराच कुणी. ‘आहारी गेला’ त्याहून भयंकर. मला वाटायचं हा दारू पितो. शब्द नीट ऐकला तर दारूच याला खाते.

मी नवऱ्याच्या उपचारांच्या वेळी बायकांच्या गटात जात होते. तिथे दाखल झालेल्यांना ‘रुग्णमित्र’ म्हणत आणि आमच्या गटाचं नाव ‘सहचरी’. तोपर्यंत मला गल्लीत एकच नाव होतं, ‘त्या बेवड्याची बायको’. बेवडा म्हणजे मुळात दुबार गाळलेली दारू, असं कुणीतरी सांगितलं होतं. खरं का?

धातुपाठ

हो, बेवडा म्हणजे दुहेरी. दारूचं विशेषण आधी, माणसाचं नंतर.

ओवी

म्हणजे बाटलीवरचं लेबल माणसाला चिकटलं.

‘सुटली’बद्दल एक राहिलंच. आमच्या शेजारचे काका गेले तेव्हा काकू म्हणाल्या, “सुटले बिचारे.” त्यांचीही दारू त्याच दिवशी सुटली म्हणायची. तेव्हापासून मी ‘सुटली’ म्हणत नाही. कुणी नवऱ्याबद्दल विचारलं तर सांगते, “आज घेतली नाहीये.” अकरा वर्षं हेच सांगतेय. ऐकणाऱ्याला वाटतं, काल घेतली असेल.

पोवईनाका

सगळ्यांचे आभार. पत्रिका छापून आली. मी निनावींचं ऐकून कुठलंच विशेषण लावलं नव्हतं, नुसतं ‘१४ वर्षं दारू न प्यालेले’ असं लिहिलं होतं. मुख्याध्यापकांना पत्रिकेवर ‘दारू’ हा शब्द नको वाटला. त्यांनी मला न विचारता छापखान्यात फोन करून बदल केला. आता त्यावर आहे, ‘प्रमुख पाहुणे: निर्व्यसनी श्री. अमुक’.

मी शरमून पत्रिका द्यायला गेलो. त्यांनी वाचली आणि रिक्षात बसल्या बसल्या इतके हसले की मागची गाडी हॉर्न वाजवायला लागली. दोन जास्तीच्या मागून घेतल्या. म्हणाले, “एक बायकोला दाखवतो. लग्न ठरवताना आमच्या आबांनी तिच्या वडलांना हाच शब्द सांगितला होता.”