गावरान टोमॅटोला भाव काय लावू?

नारायणगावजवळ 5 गुंठ्यांत गावरान टोमॅटो लावलाय, चपटा, आंबट. पुण्यात आठवडी बाजारात नेतो तर गिऱ्हाईक म्हणतं शेजारी हायब्रीड 30 ला मिळतोय, तुमचा 60 का? काय सांगू?

> दादा, 20 किलोच्या क्रेटनं हायब्रीड विकणाऱ्याशी बरोबरी करूच नका. गावरानची साल पातळ, वाटेतच फुटतो, म्हणून लाली धरायला लागली की तोडा आणि क्रेटमध्ये दोनच थर लावा. फुटका माल, तोडणी, गाडीभाडं सगळं धरून भाव काढा.

> पाणी ठिबकनं एकसारखं द्या, ताण देऊन एकदम सोडलं की फळ तडकतं. बी घरचंच धरा, हायब्रीडसारखं दरवेळी विकत नाही घ्यावं लागत.

> एक कापून मीठ लावून चाखायला द्या ना! साराला कुठला चांगला ते काकवांना बरोब्बर कळतं.

चाखायला द्यायचं डोक्यातच नव्हतं 😅 रविवारी बघतो.