मदत हवी आहे: १८५३ च्या एनफिल्डसाठी मिनिए गोळीचा साचा कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मुक्काम पेनसिल्व्हेनिया. इथल्या क्लबात नेमबाजीसाठी पॅटर्न १८५३ एनफिल्डची इटालियन प्रतिकृती घेतली आहे. १८५७ मध्ये जिच्या चरबीच्या काडतुसांवरून भडका उडाला तीच ही ठासणीची रायफल. कोकणात शेतराखणीला असते ती ठासणीची बंदूक छऱ्यांची, आतून गुळगुळीत. हिच्या नळीत मात्र पिळाच्या तीन खाचा आहेत आणि माझं घोडं तिथेच अडलंय.

०.५७५ इंची तयार मिनिए गोळ्या (बुडाशी पोकळ; बार उडाला की बुडाची कड फुलून खाचांत बसते) आणल्या. गजाने जेमतेम ढकललं तरी सुळकन तळाशी जातात. ५० यार्डांवर कागदाला गोल भोक पडायच्या जागी गोळीची अख्खी आडवी आकृती उमटते. गोळी पीळ धरतच नाही. शिवाय नळी खाली झुकली की गोळी दारूपासून पुढे सरकायची भीती, आणि तशी उडवली तर नळी फुगू शकते. म्हणून सध्या बार बंद.

नळी पिन गेजने (नेमक्या जाडीच्या पिना घालून) मोजली. खाचा तीन असल्यामुळे उंचवट्यासमोर खाच येते, कॅलिपरचा भरवसा नाही. ०.५७९ ची पिन जाते, ०.५८० ची जात नाही. मिनिए गोळी नळीपेक्षा एक-दोन सहस्रांश इंच बारीक हवी, म्हणजे मला ०.५७७ ते ०.५७८ लागणार.

लायमन कंपनीचा ५७५२१३ क्रमांकाचा साचा सगळे सुचवतात, पण त्यांच्या क्रमांकातले पहिले तीन आकडे म्हणजे गोळीचा व्यास, त्यामुळे तो माझ्या कामाचा दिसत नाही. ५७७६११ जवळचा वाटतो. अडचण अशी की शुद्ध शिसं थंड होताना मिश्रधातूपेक्षा थोडं जास्त आकसतं. कथील-अँटिमनी घालून आकार राखावा, तर गोळी कडक होते, बुडाची पोकळ कड फुलत नाही आणि मिनिएचा अर्थच उरत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे हा साचा आहे त्यांनी कृपया सांगा: निव्वळ मऊ शिशात गोळी नेमकी किती भरते? मायक्रोमीटरने मोजलेला आकडा हवा, डब्यावरचा नको.

०.५७६ च भरत असेल, तर मोठ्या मापाचा साचा करवून घेऊन गोळी सायझिंग डायमधून (गोळी दाबून ठरल्या व्यासाची करणाऱ्या भोकातून) ०.५७८ ला काढावी, असा विचार आहे. हे कोणी केलंय का? डायमधून काढताना कड चेपते का?

साच्यात बुडाची पोकळी पाडणाऱ्या खुंटीबद्दलही सांगा. ती बारीक असली की कड जाड येते. मी ६० ग्रेनच्या पुढे दारू भरणार नाही, तेवढ्याला पातळ कड फुलायला बरी की फाटेल?

मूळ ब्रिटिश गोळी गुळगुळीत होती, आधी ०.५६८ आणि पुढे ०.५५० इंच. उरलेली जागा काडतुसाचा कागद भरून काढायचा. तशी कागद गुंडाळलेली गोळी वापरणारं कोणी असेल तर कागदाची जाडी आणि वेढे कळवा, तोही साचा घ्यायची माझी तयारी आहे.